तिसरी टाकी घेण्याआधी: फिल्टर आणि हीटरची जुळवाजुळव

माशांच्या दुसऱ्या टाकीसाठी येणारे बहुतेक ग्राहक पहिल्या टाकीला बसवलेलाच फिल्टर आणि हीटर पुन्हा मागतात. दोन टाक्यांपर्यंत हे चालून जातं. तिसरी-चौथी टाकी आली की मागच्या भिंतीवर वायरी आणि नळ्यांचं जंजाळ होतं, कुठला प्लग कुठल्या टाकीचा ते कळेनासं होतं, आणि नेमका एखादा हीटर बंद राहून जातो. आमचा सल्ला असा: हवा सगळ्या टाक्यांना एकाच पंपातून द्या. पाणी आणि हीटर मात्र प्रत्येक टाकीचा वेगळा ठेवा.

सगळं पाणी एकाच सम्पमधून (टाक्यांच्या खाली ठेवलेल्या सामाईक टाकीतून) का फिरवू नये, असं आम्हाला नेहमी विचारलं जातं. ती पद्धत वाईट नाही. पाण्याचा एकूण साठा मोठा असल्यामुळे तापमान स्थिर राहतं आणि हीटरही एकाच ठिकाणी बसवता येतात. पण एका टाकीत नवीन माशाबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला, तर त्याचे परजीवी पाण्याबरोबर सगळीकडे पोचतात. शिवाय वीज गेली की प्रत्येक टाकीतलं ओव्हरफ्लोच्या (पाणी सम्पकडे उतरण्याच्या वाटेच्या) कडेवरचं पाणी खाली सम्पमध्ये उतरतं. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी नसेल तर पाणी जमिनीवर येणार. एकाच जातीचे, एकाच पाण्यात रमणारे मासे पाळणाऱ्यांनी सम्पचा विचार जरूर करावा. वेगवेगळे मासे हौसेने जमवणाऱ्यांना आम्ही तो सुचवत नाही.

स्पंज फिल्टर

घरच्या लहान-मध्यम टाक्यांसाठी आमची पहिली पसंती स्पंज फिल्टरलाच आहे. दिसायला साधा, पण काम चोख. नळीतून वर जाणारे बुडबुडे पाणी स्पंजमधून ओढून घेतात. गाळ स्पंजमध्ये अडकतो, पण खरं काम करतात ते स्पंजवर वाढणारे जीवाणू. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं आणि नियमित पाणी बदलून आटोक्यात राहतं. अगदी नव्या टाकीत ही साखळी जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

इथे जास्त टाक्या असण्याचा मोठा फायदा आहे. जुन्या, निरोगी टाकीत एक जादा स्पंज कायम चालू ठेवा. नवीन टाकी मांडायची झाली की तो स्पंज तिच्यात हलवा; महिनाभराची वाट बरीच वाचते. सुरुवातीला मासे मात्र थोडेच सोडा. आजारी टाकीतला स्पंज कुठेही नेऊ नका, जाळी आणि पाण्याची नळीसुद्धा नेऊ नका.

स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जीवाणूंना मारतं आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. पाणी बदलताना टाकीतलंच पाणी बादलीत घ्या आणि त्यात स्पंज दोन-चार वेळा पिळा. शक्य असेल तर टाकीत दोन स्पंज ठेवा आणि आळीपाळीने धुवा.

हवेचं वाटप

एका पंपाची हवा अनेक टाक्यांना देताना एक गोष्ट सगळ्यांना चकवते. हवा कमी विरोध असेल तिकडे पळते. एका टाकीत नळीचं टोक 30 सेंटिमीटर खोल आणि दुसरीत 45 सेंटिमीटर खोल असेल, तर जवळजवळ सगळी हवा पहिलीतच जाते आणि दुसरीचा फिल्टर बंद पडल्यासारखा वाटतो. पंप बिघडलेला नसतो. प्रत्येक नळीला छोटा वाल्व्ह लावा, आधी सगळ्यात खोल टाकीचा वाल्व्ह पूर्ण उघडा आणि मग उथळ टाक्यांची हवा हळूहळू कमी करत समतोल साधा. हवा जास्त होत असेल तर सगळे वाल्व्ह आवळू नका. उलट दाबाने पंपाचा रबरी पडदा लवकर फाटतो. त्यापेक्षा एक मोकळा वाल्व्ह ठेवा आणि जादा हवा बाहेर सोडा.

पंप सगळ्यात वरच्या टाकीच्या पाण्यापेक्षा उंचावर ठेवा. ते जमत नसेल तर प्रत्येक नळीला नॉन-रिटर्न वाल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारा वाल्व्ह) लावायलाच हवा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलट पंपात उतरतं. वाल्व्ह बसवण्याआधी तोंडाने फुंकून दिशा बघून घ्या. घाईत उलटा बसलेला वाल्व्ह आम्ही अनेकदा पाहिला आहे.

हीटर

ढोबळ हिशेब लिटरला एक वॅट. 60 × 30 × 30 सेंटिमीटरच्या टाकीची क्षमता 54 लिटर असते. रेती-दगड आणि वरची मोकळी जागा धरून प्रत्यक्ष पाणी 45 लिटरच्या आसपास. तिथे 50 वॅटचा हीटर पुरेसा आहे. खोली फार थंड राहत असेल तर थोडा वाढवा.

जादा असलेला बरा, असं म्हणून मोठा हीटर घेऊ नका. हीटरचा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणारा भाग) कधीतरी चालू अवस्थेतच चिकटतो. 50 लिटर पाण्यात 300 वॅटचा हीटर असा अडकला, तर पाणी तासाला सुमारे 5 अंशांनी तापतं आणि सकाळपर्यंत मासे मेलेले असतात. तिथे 50 वॅटचा असेल तर तासाला एक अंशही वाढत नाही, आणि बिघाड वेळेत लक्षात यायची संधी मिळते. याच कारणासाठी मोठ्या टाकीत एकाऐवजी दोन लहान हीटर लावा. एक बंद पडला तर दुसरा सांभाळून घेतो.

प्रत्येक टाकीत स्वतंत्र थर्मामीटर हवाच. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. बहुतेक उष्ण प्रदेशातल्या माशांना 24 ते 26 अंश सेल्सिअस मानवतं, डिस्कस जातीच्या माशांना 28 ते 30 लागतं. गोल्डफिशला हीटरची सहसा गरज नसते. एकाच रॅकवर टाक्या असतील तर वरच्या कप्प्यात ऊब जास्त असते, म्हणून गोल्डफिश खाली आणि डिस्कस वर ठेवा. टाक्या खूप झाल्या आणि खोली लहान असली, तर खोलीच उबदार ठेवणं सोपं जातं.

झाकण न लावलेल्या टाकीत हीटर फुकट राबतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते, ती भरून काढायला 100 वॅटच्या हीटरला जवळजवळ सात तास लागतात. काचेचं झाकण लावा.

वीज

सगळ्या हीटर-पंपांचे वॅट एकत्र मोजा आणि एक्स्टेंशन बोर्डाची क्षमता तपासा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोलावरूनच ठिबकतं. 30 मिलीअँपिअरचं अर्थ लीकेज संरक्षण (वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. यात तडजोड नको. पाणी बदलण्याआधी 20 मिनिटं हीटर बंद ठेवा. तापलेली काच पाण्याबाहेर आली की तडकते.

वीज गेली तर आधी हवेची काळजी करा, उष्णतेची नंतर. मोठ्या टाकीचं पाणी सावकाश थंड होतं, पण दाटीच्या टाकीत प्राणवायू लवकर कमी होतो. बॅटरीवरचा एक एअर पंप घरात असू द्या आणि तेवढा वेळ खाद्य देऊ नका. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) अनेक तास बंद राहिला असेल तर त्यातलं कुजकं पाणी ओतून टाका, मगच सुरू करा.

सामान घ्यायला येताना प्रत्येक टाकीची लांबी, रुंदी, पाण्याची उंची, त्यातले मासे आणि रात्री खोलीचं तापमान किती उतरतं, एवढं लिहून आणा. हिशेब आपण एकत्र बसून करू.