नवा मासा दडून बसतो, तेव्हा त्याचे कल्ले काय करतात?

नवीन समुद्री मासा आणला, घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडला आणि तो जो दगडाआड गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी घरातली सगळी मंडळी काचेला नाक लावून उभी. कोणी टकटक करतं, कोणी मोबाइलचा टॉर्च मारतं, शेवटी कोणीतरी हात घालून दगडच उचलतं. ‘लाजतोय, माणसांची सवय लावायला हवी,’ हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की आता लिहायलाच बसलो. माशाला लाजबीज काही नसते. त्या घडीला तो तहानलेला असतो. हो, पाण्यात असून.

फायरफिशचंच घ्या. बोटभर लांबीचा मासा, पुढून पांढरट, शेपटीकडे लालभडक, पाठीवर काडीसारखा लांब पर आणि तो पर सतत वरखाली. हिंद आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळांच्या उतारांवर हा आपल्या बिळाच्या वर अधांतरी राहतो, प्रवाहातून वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतो आणि सावली हलली की बिळात जातो. दडणं हीच त्याची जगायची रीत. त्यात नवी जागा, मग काय विचारता!

आता तहानेकडे येऊ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या टाकीतल्या माशांच्या रक्तात त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तसं या माशांचं पाणी जन्मभर सुटत असतं, आणि ते मुख्यतः कल्ल्यांतून. ऑक्सिजन सहज आत यावा म्हणून तिथे रक्त आणि समुद्र यांच्यामध्ये काही मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पडदा असतो. पडदा पातळ, म्हणून पाणीही निसटतं.

गेलेलं पाणी भरून काढायला मासा समुद्रच पितो. पाण्यात फिरणारा मासा पाणी कधी पितो हे जसं कळत नाही, तसंच सरकारी नोकर पैसा कधी खातो हेही कळत नाही, असं कौटिल्य सांगून गेला. माशापुरतं ते १९३० मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी उलगडलं. त्यांनी पाण्यात फिनॉल रेड नावाचा रंग मिसळला. माशाच्या आतड्यात पाणी शोषलं गेलं आणि रंग मागे राहून गडद झाला. नोकरांसाठी असा रंग अजून निघायचा आहे.

पण पाण्याबरोबर मीठही पोटात गेलं, त्याचं काय? १९३२ मध्ये अॅन्सल कीज (पुढे आहारातली चरबी आणि हृदयविकार यावर गाजले तेच) आणि विल्मर यांनी कल्ल्यांत क्लोराइड बाहेर टाकणाऱ्या खास पेशी असल्याचं मांडलं. या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांनी, ठासून भरलेल्या असतात. रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप, तो एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून ३ सोडियम पेशीबाहेर काढतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. पेशीत सोडियमचा तुटवडा झाला की रक्तातलं सोडियम पुन्हा आत येऊ पाहतं. ज्या वाहक प्रथिनातून ते येतं, ते एका सोडियमबरोबर एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइडही घेऊन येतं. क्लोराइड साठत जातं आणि समुद्राकडच्या बाजूच्या सीएफटीआर नावाच्या मार्गिकेतून बाहेर पडतं. ऋण भार गेला, की त्याच्या ओढीने सोडियम पेशींमधल्या फटींतून मागोमाग जातं. हीच सीएफटीआर माणसात बिघडली तर सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांना ग्रासणारा आनुवंशिक आजार होतो. हे सगळं डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही. समुद्रातल्या माशाची तहान फुकट भागत नाही, तिला सतत ऊर्जा लागते, एवढं धरून ठेवा.

मासा घाबरला की अॅड्रेनालिन कल्ल्यांतला रक्तप्रवाह वाढवतं. पळायला जास्त ऑक्सिजन मिळतो, पण पाणीही जास्त निसटतं आणि रक्त खारट होत जातं. जाळीत धरलेला, पिशवीत हिंदकळत आलेला मासा त्याच अवस्थेत तुमच्या घरी पोचतो. कल्ल्यावरचं झाकण नीट बघा, भराभर उघडझाप चाललेली असते. अंधारं भोक मिळालं, पाठ दगडाला टेकली, की ती हळूहळू संथ होते. काचेवर टकटक करून आपण ती पुन्हा सुरू करतो.

म्हणून पहिला दिवस दिवे बंद. तळाशी दोन-तीन भोकं राहतील असे दगड आधीच रचलेले हवेत. अनेक दुकानदार पाणी कमी खारट ठेवतात, तेव्हा पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने मोजा. कमी खारटातून जास्त खारटात नेताना घाई नको, उलट दिशेचा प्रवास माशाला सोपा जातो.

टाकीतलं पाणी पिशवीत थेंबथेंब सोडत तासन्‌तास बसायची पद्धत मात्र परगावाहून रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीला लावू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं, त्यामुळे माशाने सोडलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो, आणि पीएच १ ने चढला की विषारी अमोनिया जवळपास दहापट होतो. पिशवी बंद ठेवूनच तापमान जुळवा, उघडल्यावर रेंगाळू नका आणि ते पाणी टाकीत ओतू नका. अशा माशासाठी पिशवीतल्या पाण्याशी जुळत्या खारटपणाचं पाणी वेगळ्या भांड्यात आधीच तयार ठेवावं.

एवढं करूनही मासा मेला तर ‘घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं’ म्हणणारे भेटतातच. संकट बहुधा अमोनियाच्या चाचणीत दिसलं असतं. वास्तूसाठी माशांची संख्या मोजणाऱ्यांनी तेवढं एक किट घ्यावं.

दिवे लावल्यावर जुन्या रहिवाशांवर लक्ष ठेवा. डॅमसेल हा आपली हद्द राखणारा भांडखोर मासा आधीपासून असेल तर तो नव्याला भोकातून डोकं काढू देत नाही. दोन-चार दगडांची जागा बदलली तर त्याची हद्द मोडते, पण हे काम नवा मासा सोडण्याआधी करायचं. खाणं आर्टेमिया किंवा मायसिस (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव), थोडं थोडं, प्रवाहातून त्याच्या भोकापाशी वाहत जाईल असं. आणि टाकीवर बारीक जाळी पहिल्या दिवसापासून हवीच. बिळाची वाट चुकलेला फायरफिश वर उडी मारतो, आणि फरशीवर पडलेला मासा सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.