१० ते १५ व्होल्ट मीटर: काही न जोडता काटा १० वर का?

बॅटरीसाठी आमचा मीटर किंवा किट नेलेल्यांचा हमखास फोन येतो: "वायर जोडलेली नाही, तरी मीटर १० दाखवतोय." मीटर ठीक आहे. याची पट्टी शून्यापासून सुरूच होत नाही. डावं टोक म्हणजे १० किंवा त्याहून कमी.

१२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून शांत असताना साधारण १२.७ दाखवते, निम्मी उतरली की १२.२. बघायचा असतो तो हा अर्धा व्होल्ट. ० ते १५ च्या मीटरवर तो पट्टीच्या तिसाव्या भागात संपतो, आमच्या मीटरवर दहावा भाग व्यापतो आणि लांबूनही कळतो.

सर्किट छोटं आहे. प्लसला १० व्होल्टचा झेनर (ठराविक व्होल्टेज अडवणारा डायोड), त्याच्यावरचा पट्टा प्लसकडे. त्यापुढे सिरीजमध्ये ३.९ के (किलो-ओहम) चा रेझिस्टन्स, २ के चा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टन्स) आणि १ मिलिअँपचा मीटर. झेनर १० व्होल्ट अडवतो, वरचे मीटरला मिळतात. झेनरच्या पुढून मायनसला जाणारा १ के चा रेझिस्टन्स काहीजण जास्तीचा समजून गाळतात. तो हवाच. त्याच्यामुळे झेनरमधून पुरेसा करंट वाहतो, नाहीतर झेनर १० वर ठाम राहत नाही.

खरा वेळ जातो तो ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर मीटर तपासण्यात. १० च्या खाली काटा हलणारच नाही! मग काचेखालचा स्क्रू फिरवला जातो, पाठोपाठ प्रीसेट, आणि दोन्ही सेटिंग जातात. स्क्रूचं काम एकच: वायर सोडवून काटा १० च्या रेघेवर आणणं. प्रीसेट त्यानंतर, बॅटरी चार्जिंगवर १४ च्या आसपास असताना, शेजारी मल्टिमीटर लावून. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या १२ व्होल्ट अडॅप्टरवर तपासू नका. लोड नसताना तो १६-१७ पर्यंत चढतो आणि काटा उजवीकडे आपटतो.

आमचं किट थोडं महाग का, हेही विचारतात. ५ टक्क्यांचा झेनर ९.५ ते १०.५ मध्ये कुठेही निघतो, म्हणजे या पट्टीवर दहाव्या भागाची चूक. म्हणून आम्ही प्रत्येक झेनर मोजून, १० च्या अगदी जवळचेच किटमध्ये घालतो.

तयार मीटर सेट करूनच मिळतो. स्वतः जोडलेलं किट दुकानात आणलंत तर सेटिंगचे वेगळे पैसे घेत नाही. स्क्रू किंवा प्रीसेट फिरवला असेल, तर तेवढं आधी सांगा.