मनुष्यस्वभाव

मनुष्यस्वभाव : माणसाच्या वागण्याबोलण्यात, रागालोभात आणि निर्णय घेण्याच्या रीतीत दिसणारी बऱ्यापैकी टिकाऊ ठेवण. अपत्यप्रेम, भीती, मत्सर, देवघेवीतील न्यायाची चाड अशा सर्व माणसांत आढळणाऱ्या प्रवृत्ती आणि एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळे पाडणारे गुणविशेष, या दोहोंसाठी मराठीत ‘स्वभाव’ हा एकच शब्द वापरतात. वऱ्हाडात त्याचा उच्चार ‘सभाव’ असा होतो आणि ‘त्याचा सभावच तसा हाये’ हे वाक्य बहुधा विषय संपवण्यासाठीच बोलले जाते. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण त्याच मताची. पण त्याच ओट्यावर ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ हेही तितक्याच खात्रीने सांगितले जाते. बैलाचा रंग बदलत नाही, मात्र शेजारच्या बैलाची अंग चोरण्याची सवय त्याला लागते, हा गोठ्यातला अनुभव आहे. स्वभाव जन्मजात की घडवलेला, या वादाच्या दोन्ही बाजू अशा लोकभाषेत आधीपासूनच नांदत आहेत.

शास्त्रीय परंपरेत सांख्य दर्शनाने सत्त्व, रज आणि तम या गुणांच्या कमीअधिक प्रमाणावरून स्वभावाची उपपत्ती मांडली. भगवद्गीतेच्या 18 व्या अध्यायात स्वभावातून उपजणाऱ्या गुणांनुसार चार वर्णांची कर्मे विभागलेली आहेत, असे म्हटले आहे. युरोपात 17 व्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक याने मनाला कोऱ्या कागदाची उपमा दिली, तर 19 व्या शतकात फ्रान्सिस गॉल्टन याने आनुवंशिकतेचे पारडे जड ठरवले.

आनुवंशिकतेचा वाटा मोजण्यासाठी एकबीज आणि द्विबीज जुळ्यांची तुलना केली जाते. अशा अभ्यासांच्या 50 वर्षांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 1 कोटी 45 लाख जोड्यांची माहिती होती आणि सर्व गुणविशेषांची सरासरी आनुवंशिकता 49 टक्के आली. या आकड्याचा अर्थ मात्र हमखास चुकीचा लावला जातो. एखाद्याचा निम्मा तापटपणा बापाकडून आला आणि निम्मा गावाकडून, असे त्यातून निघत नाही. अभ्यासलेल्या लोकांमध्ये आपसांत जो फरक आढळला, त्यातील सुमारे निम्मा फरक आनुवंशिक फरकांशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो. कास्तकाराला हे समजावून सांगावे लागत नाही. एकाच पिशवीतली सरकी भारी काळ्या जमिनीत लावली तर पऱ्हाटी (कपाशीचे झाड) छातीला लागते आणि बरड रानात तीच गुडघ्यावर थांबते. काळ्या रानातल्या दोन झाडांत जो फरक दिसतो, तो बहुतांशी बियाण्याचा असू शकतो. दोन रानांमधला फरक मात्र जमिनीचा असतो, आणि पहिल्या फरकावरून दुसऱ्याचे निदान करता येत नाही.

कामाच्या पद्धतीचा स्वभावावर होणारा परिणाम हा या विषयाचा अधिक रंजक भाग आहे आणि विदर्भ त्यासाठी जणू आखून दिलेला आहे. 2014 मध्ये थॉमस टॅल्हेम आणि सहकाऱ्यांनी चीनमधील 1,162 विद्यार्थ्यांच्या अभ्यासावरून असे मांडले, की भातशेतीच्या प्रदेशातील लोक परस्परावलंबी आणि गहू पिकवणाऱ्या प्रदेशातील लोक तुलनेने स्वतंत्र वृत्तीने विचार करतात. या मांडणीवर आक्षेपही घेतले गेले आहेत. तरीही भंडारा आणि गोंदियाकडील धानाचा पट्टा व अमरावती आणि यवतमाळकडील कोरडवाहू कपाशीचा पट्टा शेजारी ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही. धानाच्या भागात माजी मालगुजारी (मालगुजार, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या काळातील) तलावाचे पाणी पाटाने एका बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, दुसरीत उतरते; वरच्याने बांध फोडला नाही तर खालच्याचे पऱ्हे (धानाची रोपे) वाळतात. रोवणीचे दिवस मोजके असल्याने सगळ्यांना मजूर एकाच वेळी लागतात आणि आज याच्या, उद्या त्याच्या बांधीत उतरावे लागते. तेथे शेजाऱ्याशी कायमचे वैर धरणे परवडत नाही. कपाशीच्या कोरडवाहू रानात पाऊस ज्याच्या त्याच्या धुऱ्याच्या (शेताच्या हद्दीच्या बांधाच्या) आत पडतो, डवरणी आणि फवारणी ज्याची तो करतो, आणि भांडण होते ते बहुधा धुऱ्यावरूनच. एवढ्यावरून झाडीतला, म्हणजे धानपट्ट्यातला, माणूस मिळूनमिसळून वागणारा आणि वऱ्हाडातला एककल्ली असा निकाल देणे घाईचे होईल. मालगुजारी आणि रयतवारी या दोन वेगळ्या महसूल पद्धती, जंगलाचे अंतर, बाजारपेठेची जवळीक अशी इतर कारणेही या दोन पट्ट्यांत वेगळी आहेत.

हवामानाबाबत तर गैरसमजच जास्त. विदर्भातील माणूस सुस्त, असा शेरा बाहेरचे लोक सहज मारतात. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी येथे पारा 45 अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत माणूस झुंजुमुंजू असतानाच वावरात जातो, अकराच्या आत परततो, दुपारी दार लोटून पडतो आणि उन्हे कलल्यावर पुन्हा निघतो. दुपारी दोनला गावात आलेल्या पाहुण्याला फक्त लोटलेली दारे दिसतात, आणि त्यावरून तो स्वभाव ठरवतो.

टंचाई आणि कर्ज यांचा परिणाम अधिक खोल असतो. तमिळनाडूतील 464 ऊस उत्पादकांची तोडणीपूर्वी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर चाचणी घेतली असता त्याच माणसांचे तर्क आणि एकाग्रतेचे गुण आधी कमी आणि नंतर जास्त आले, असा निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. कपाशीच्या गावात हा बदल चाचणीविना दिसतो. मृग कोरडा जाऊन दुबार पेरणीची वेळ आली, की एरवी हसतमुख असणारा माणूस पोराने दोनदा हाक मारली तरी ओ देत नाही, भरलेला लोटा हातात धरून अंगणात उभा राहतो आणि क्षुल्लक गोष्टीवर खेकसतो. दसऱ्यानंतर वेचणीचा पहिला पैसा घरात आला, की तोच माणूस पोळ्याला राहून गेलेला बैलांचा साज विकत आणतो. याच्या स्वभावाची नोंद आषाढात घ्यावी की कार्तिकात, हा प्रश्न केवळ गमतीचा नाही.

समाजाने लावलेले शिक्के ही स्वभाव घडवणारी आणखी एक शक्ती होय. ब्रिटिश राजवटीत 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. प्रथम उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा पुढे इतरत्र विस्तारला आणि 1952 मध्ये रद्द झाला. अमरावती, अकोला, यवतमाळ भागातील फासेपारध्यांच्या वाट्याला आलेला संशय मात्र कायद्याबरोबर संपला नाही. फास मांडून तितर-लाव्यांची तासन्‌तास वाट पाहण्यासाठी लागणारा संयम या जमातीच्या स्वभावात कोणी नोंदवला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा परंपरागत धंदाही बेकायदा झाला. ज्याच्याकडे प्रत्येक गाव चोर म्हणूनच पाहते, त्याने मन मोकळे करून बोलावे अशी अपेक्षा मुळात अवास्तव आहे.

स्वभाव जाणीवपूर्वक बदलता येतो, या गृहीतकावर विदर्भात मोठी कामे उभी राहिली. गाडगेबाबा (1876–1956) खराट्याने गाव झाडत आणि रात्री वऱ्हाडी बोलीतील कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज, दारू आणि पशुबळी यांविरुद्धचा उपदेश त्यामुळे लोकांना आपलाच वाटे. तुकडोजी महाराजांनी (1909–1968) सामुदायिक प्रार्थनेच्या रोजच्या सवयीवर भर दिला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या नवदीक्षितांनी मेलेली जनावरे ओढण्यासारखी जातीने लादलेली कामे नाकारली. ज्या वागण्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘त्यांचा स्वभाव’ म्हटले जात होते, ते सक्ती झुगारताच बदलले. जन्मावरून स्वभाव ठरवणाऱ्या मताला याहून स्पष्ट उत्तर शोधूनही सापडणार नाही.

नियम बदलल्याने त्याच स्वभावाला वेगळे वळण कसे लागते, हे गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात पाहता येते. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळालेल्या या गावाची ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत विषय पुढच्या बैठकीत पुन्हा येतो. मतदानाच्या गावात जो एकटा माणूस हेकेखोर ठरून बाजूला पडला असता, त्याचे म्हणणे येथे ऐकून घ्यावेच लागते, आणि त्यालाही आपला नकार कारणासह मांडावा लागतो.