सांडपाण्याला भाव आला. पण ते बेवारस कधी होते?

बेळगाव शहराला पाणी येते ते राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून. राकसकोप मार्कंडेय नदीवर आहे, हिडकल घटप्रभेवर. आणि मार्कंडेय पुढे घटप्रभेलाच मिळते. म्हणजे शहर पिते ते एका खोऱ्याचे आणि वापरून झालेले सोडते तेही त्याच खोऱ्यात. मधला दुवा बळ्ळारी नाला. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातून जाणाऱ्या या नाल्याची बातमी दर पावसाळ्यात छापून येते: नाला फुगला, गाळ काढलाच नव्हता, जलपर्णी अडकली, बासमतीच्या उभ्या भातात पाणी साचले. उन्हाळ्यात त्याचे नाव कोणी काढत नाही. तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि काठावर कोणी ना कोणी त्याच पाण्यात मोटार टाकून भाजीचा वाफा जगवत असतो.

जगाच्या पाणीबाजारात यापुढे ज्याला भाव येणार असे म्हणतात, ते हेच पाणी: शहराने वापरून टाकलेले. सल्लागार कंपन्या या बाजाराचे अब्जावधी डॉलरचे आकडे छापतात. एकीचा आकडा दुसरीशी जुळत नाही, तेव्हा ते बाजूला ठेवलेले बरे. टाकलेले पाणी विकाऊ कसे झाले आणि जो विकायला निघाला त्याच्या मालकीचे ते होते का, हा इतिहास बेळगावच्या दृष्टीने जास्त कामाचा आहे.

मैल्याचा माल

शहराची घाण शेतात नेणे ही काही नवी युक्ती नाही. सोनखत आपल्याकडच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. युरोपात एकोणिसाव्या शतकात गटारे जमिनीखाली गेली आणि शहराची घाण पाण्याबरोबर वाहू लागली, तेव्हा पॅरिसने ती जेनव्हिलिएच्या भाजीमळ्यांकडे वळवली, बर्लिनने शहराभोवती सांडपाण्याची शेते उभी केली आणि मेलबर्नने १८९७ साली वेरिबी येथे. पुढे शहरे वाढली, जमिनी महागल्या, रासायनिक खत आले, रोगजंतूंची भीती वाढली, आणि बहुतेक ठिकाणी ही शेते मागे पडली. वेरिबी मात्र सांडपाण्याचे केंद्र म्हणून आजही चालू आहे.

बेळगावात याचे नियोजन कधी एका हाती नव्हतेच. ब्रिटिश काळात इथे नगरपालिका वेगळी, लष्कराची छावणी वेगळी, आणि शहापूर तर सांगली संस्थानचे. उतार मात्र तिघांचाही एकच. काठावरच्या शेतकऱ्यांनी हे पाणी वापरायला सुरुवात केली ती कोणत्या योजनेतून नव्हे. पाणी दारात आले होते, त्यात खताचा अंश होता आणि त्याला पाणीपट्टी नव्हती. शेजारच्या हुबळी-धारवाडमध्येही हेच घडले. तिथे सांडपाण्यावरच्या भाजीपाल्याचा आणि झाडांच्या शेतीचा अभ्यास झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. उत्पन्नाची हमी आणि आरोग्याचा धोका ही दोन्ही टोके त्यात नोंदलेली आहेत. धोका खरा आहे, हेही इथेच सांगून टाकावे: प्रक्रिया न केलेल्या पाण्यात अनवाणी उभे राहणाऱ्याला जंत आणि त्वचेचे विकार होतात, आणि कच्ची खाल्ली जाणारी भाजी तो धोका ताटापर्यंत आणते.

नळावरून नाल्याकडे

पाणी ही विकायची वस्तू आहे, हा विचार सरकारी कागदांत शिरला तो गेल्या पन्नासेक वर्षांत. चिलीने १९८१च्या कायद्याने पाण्याचा हक्क जमिनीपासून सुटा केला आणि तो विकता येईल असे ठरवले. इंग्लंड आणि वेल्समधील पाणीपुरवठा १९८९ साली खासगी झाला. जानेवारी १९९२मध्ये डब्लिनच्या परिषदेने पाण्याला आर्थिक मूल्य असलेली वस्तू म्हटले. ऑस्ट्रेलियाने १९९४पासून मरे-डार्लिंग खोऱ्यात पाणीहक्कांची खरेदी-विक्री रुळवली. आणि डिसेंबर २०२०मध्ये कॅलिफोर्नियाच्या पाण्याचे वायदे अमेरिकी बाजारात आले, तेव्हा आपल्याकडेही गुळाच्या आणि हळदीच्या सौद्यांशी त्याची तुलना झाली. खरे तर त्या वायद्यात थेंबभरही पाणी हलत नाही, फक्त भावाच्या चढउताराचा हिशेब रोखीने मिटतो.

याच काळात बाजाराला तडाखेही बसले. २००० साली बोलिव्हियातील कोचाबांबात दरवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि परदेशी कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. पॅरिसने २०१०मध्ये पाणीपुरवठा परत पालिकेकडे घेतला. त्याच वर्षी २८ जुलैला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. चिलीलाही २०२२मध्ये कायदा बदलून माणसांच्या पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम द्यावा लागला.

बेळगाव या गोष्टीत फक्त प्रेक्षक नव्हते. जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा येथे चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. २००८पासून बेळगावच्या ५८पैकी १० प्रभागांत मीटर लावून अखंड पाणी येऊ लागले. चालवणारी कंपनी फ्रान्सची व्हेओलिया, हीच पुढे २०२२मध्ये आपली जुनी प्रतिस्पर्धी सुएझचा मोठा भाग गिळून आणखी मोठी झाली. नळ आला, मीटर आला, बिल आले. गटाराचा विचार त्या मानाने मागे राहिला. घरात जितके जास्त पाणी येते तितके जास्त बाहेर पडते, हा साधा हिशेब कोणालाही करता आला असता.

कोचाबांबानंतर कंपन्यांनी एक धडा घेतला, असे माझे मत. घरगुती ग्राहक म्हणजे मतदार. त्याच्याकडून दर वाढवून घेणे अवघड. त्याऐवजी सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याचे कंत्राट घेतले की पैसे सरकार किंवा कारखाना देतो, आणि तो मोर्चा काढत नाही. भारतात गंगेच्या कामांत २०१७पासून आलेली पद्धत पाहा: प्रक्रिया केंद्राच्या खर्चाचा ४० टक्के हिस्सा बांधकामाच्या वेळी, उरलेला पंधरा वर्षांत हप्त्यांनी, केंद्र नीट चालले तरच.

तंत्र तोवर तयार झाले होते. नामिबियाच्या विंडहूकने १९६८मध्येच सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या नळात सोडले. कॅलिफोर्नियाची ऑरेंज काउंटी १९७६पासून शुद्ध केलेले सांडपाणी जमिनीत भरते आहे. सिंगापूरने २००३मध्ये 'न्यूवॉटर' या नावाने शुद्ध केलेले सांडपाणी आणले, कारण पाण्यासाठी मलेशियाच्या जोहोर राज्यावरचे अवलंबन त्यांना खुपत होते. इस्रायल आपल्या सांडपाण्यापैकी ९० टक्क्यांच्या आसपास शेतीला देतो. लोक मात्र सगळीकडे तयार नव्हते. ऑस्ट्रेलियातील टुवुंबा शहराने २००६ साली दुष्काळात मतदान घेऊन असे पाणी प्यायला नकार दिला.

या यशोगाथा आपल्याकडच्या परिसंवादांत हमखास सांगितल्या जातात. त्यात एक गोष्ट सुटते. सिंगापूर, ऑरेंज काउंटी, तेल अवीव ही किनाऱ्यावरची ठिकाणे. त्यांनी न वापरलेले सांडपाणी समुद्रात गेले असते. ते अडवले तर खालच्या कोणाचे काही जात नाही. बेळगावच्या खाली समुद्र नाही. खाली गोकाक आहे, त्याच्याही खाली बागलकोट आणि आलमट्टीचा फुगवटा.

शंभर लिटरचा हिशेब

कृष्णा पाणीतंट्यात बच्छावत लवादाने १९७३मध्ये निवाडा दिला आणि १९७६मध्ये अंतिम आदेश राजपत्रात आला. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० अब्ज घनफूट, हे आकडे सीमाभागातील शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. त्याच आदेशातले एक कलम फारसे कोणी वाचत नाही. राज्याने किती पाणी वापरले हे मोजताना पिण्यासाठी व नगरपालिकांसाठी उचललेल्या पाण्यापैकी फक्त २० टक्के 'वापर' धरायचा आणि उद्योगांसाठी उचललेल्यापैकी अवघे अडीच टक्के. उरलेले पाणी खोऱ्यात परत येते, हे त्यात गृहीत आहे. शिवाय सिंचनातून झिरपून परत येणाऱ्या पाण्याचाही हिशेब लवादाने वेगळा मांडला: महाराष्ट्राला २५, कर्नाटकाला ३४, आंध्राला ११ अब्ज घनफूट.

म्हणजे हिडकलमधून शंभर लिटर शहरात आले तर कर्नाटकाच्या खात्यावर वीस लिटर पडतात. ऐंशी लिटर सांडपाणी होऊन नदीला मिळणार, असा तो करार. आता ते ऐंशी लिटर शुद्ध करून एखाद्या कारखान्याला विकले आणि त्याच्या शीतकरणात त्यांची वाफ झाली, तर वहीत वापर वीसच राहतो आणि नदीतून मात्र शंभर गेलेले असतात. बाजाराला जे बेवारस वाटते ते पाणी लवादाच्या वहीत पन्नास वर्षांपासून खालच्यांच्या नावे लिहिलेले आहे.

हा वाद अमेरिकेत न्यायालयात गेला होता. ॲरिझोनातील फिनिक्स आणि आसपासच्या शहरांनी आपले प्रक्रिया केलेले सांडपाणी वाळवंटातील पालो व्हेर्दे अणुवीज केंद्राला विकायचे ठरवले. हेच पाणी वर्षानुवर्षे नदीत सोडले जात होते आणि खालचे शेतकरी-पशुपालक त्यावर जगत होते. ते न्यायालयात गेले. १९८९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल शहरांच्या बाजूने दिला: सांडपाणी विकता येईल, आणि ते नदीत सोडतच राहण्याचे बंधन शहरावर नाही. बळ्ळारी नाल्याच्या काठावर मोटार टाकून बसलेल्या माणसाची अवस्था त्या पशुपालकांहून नाजूक आहे. त्यांच्याकडे दाखवायला निदान नोंदवलेले पाणीहक्क होते.

भारतात विक्री सुरू झालेलीच आहे. सुरत महापालिका २०१४पासून पांडेसराच्या कापड कारखान्यांना प्रक्रिया केलेले पाणी विकते. नागपूरचे सांडपाणी कोराडीच्या औष्णिक केंद्राला जाते. जानेवारी २०१६च्या वीजदर धोरणाने तर सांडपाणी केंद्राच्या ५० किलोमीटर परिघातील औष्णिक केंद्रांना असे पाणी घेणे सक्तीचे केले. तरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार शहरी भारतात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते आणि त्यातल्या २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होते. विकायचा माल आहे, पण बराचसा अजून मैलाच आहे.

कर्नाटकाने २०१७मध्ये शहरी सांडपाण्याच्या पुनर्वापराचे धोरण केले. त्याचा सर्वांत मोठा प्रयोग बेंगळुरूचा: कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील ४४० दशलक्ष लिटर पाणी रोज कोलारच्या कोरड्या तलावांत सोडण्याची योजना. २०१८मध्ये पाणी पोहोचले आणि थोड्याच दिवसांत लक्ष्मीसागर तलावावर फेस आला. प्रकरण न्यायालयात गेले. तलाव भरले, विहिरींना पाणी वाढले, हे खरे. आणि प्रक्रियेचा तिसरा, पाणी अधिक शुद्ध करणारा टप्पा का नाही, हा कोलारकरांचा प्रश्नही खरा.

सीमेच्या दोन बाजू

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दूधगंगा कागल तालुक्यातून येते, सीमा ओलांडते आणि चिक्कोडीकडे कृष्णेला मिळते. काठ तोच, भाषाही बहुतेक तीच. पण वर महाराष्ट्राचा २००५चा जलसंपत्ती नियमन कायदा आणि खाली कर्नाटकाचे धोरण. इचलकरंजी पंचगंगेच्या काठावर असूनही सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी मागते, कारण पंचगंगा पिण्याजोगी उरलेली नाही. २०१२ची काविळीची साथ त्या गावाने पाहिली आहे. दूधगंगाकाठच्या गावांचा या योजनेला विरोध आहे. एका नदीच्या सांडपाण्यावर वेळेवर प्रक्रिया झाली नाही म्हणून दुसऱ्या नदीवर भांडण लागले, असाच याचा अर्थ.

साखर कारखान्यांचे जरा बरे आहे. उसात वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. ते वाफ होऊन थंड झाले की पुन्हा वापरता येते. २०१६च्या नियमांनी गाळलेल्या टनामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर सोडायला मनाई केल्यावर कारखान्यांना हे पाणी फिरवून वापरण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. इथे बाजार नव्हे, नियम कामी आला.

बेळगावात हलग्याला सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी जमीन घेतली गेली तेव्हा शेतकरी आडवे आले. पिकाऊ जमीन गेली हा त्यांचा राग, आणि तो समजण्यासारखा आहे. केंद्रातून निघणारे स्वच्छ पाणी कोणाला मिळणार, यावर त्या वादात फारशी चर्चा झालेली दिसत नाही. ते पुन्हा नाल्यात सोडले तर खालच्या शिवाराला आजवर मिळाले त्यापेक्षा चांगले पाणी मिळेल. उद्यमबागेतल्या किंवा आणखी कुठल्या उद्योगाला नळाने दिले तर महापालिकेला उत्पन्न मिळेल आणि नाला उन्हाळ्यात कोरडा पडेल. भाताला त्याचा त्रास नाही, भात पावसावर येतो. त्रास होईल तो उन्हाळी भाजीला.

कृष्णेच्या दुसऱ्या लवादाने, न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या, २०१० साली निवाडा दिला. सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणामुळे तो राजपत्रात येऊ शकला नाही. त्यामुळे तूर्त चालतो तो १९७६चाच आदेश, आणि शहराच्या शंभरातले ऐंशी लिटर नदीला परत येतात, असे धरणारे कलमही.