प्रौढांमधील शय्यामूत्र

झोपेत नकळत लघवी होऊन अंथरूण ओले होणे, याला शय्यामूत्र म्हणतात. हा लहान मुलांचाच प्रश्न समजला जात असला, तरी प्रौढांपैकी साधारण १ ते २ टक्के लोकांना तो असतो. प्रत्यक्षात हे प्रमाण अधिकही असेल, कारण घरातले उठायच्या आत चादर बदलणारी आणि परगावी मुक्काम टाळणारी माणसे वर्षानुवर्षे डॉक्टरांनाही हे सांगत नाहीत. तो आळस नव्हे, निष्काळजीपणा नव्हे आणि मनाचा कमकुवतपणा तर मुळीच नव्हे. ते शरीरातील बिघाडाचे लक्षण आहे.

रात्र कोरडी जाण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. मूत्रपिंडांत रात्री लघवी कमी तयार व्हावी लागते. हे काम मुख्यतः पीयूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकामुळे होते. मूत्राशयाने ती लघवी मध्येच आकुंचन न पावता साठवून ठेवावी लागते, आणि तो भरल्यावर माणसाला जाग यावी लागते. रात्री लघवी जास्त तयार होत असेल किंवा मूत्राशय अतिक्रियाशील असेल आणि त्यात जागही आली नाही, तर अंथरूण ओले होते. ‘झोपच फार गाढ आहे’ हे नेहमीचे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे ठरते.

लहानपणापासून त्रास कधीच थांबला नसेल, तर त्याला प्राथमिक शय्यामूत्र म्हणतात. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. किमान सहा महिने कोरडे गेल्यावर तो सुरू झाला, तर त्याला दुय्यम म्हणतात, आणि अशा वेळी कारण शोधणे अत्यावश्यक असते. मधुमेह, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, जुनाट बद्धकोष्ठता, मज्जारज्जूचे व मेंदूचे विकार, रात्री येणारी अपस्माराची फेफरे, मद्यपान, तसेच क्लोझापिनसारखी मनोविकारावरील औषधे व काही झोपेच्या गोळ्या ही त्याची काही कारणे होत. झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. श्वास अडला की छातीतील दाब बदलून हृदयाचे कप्पे ताणले जातात, त्यातून स्रवणारे संप्रेरक मूत्रपिंडांना अधिक लघवी तयार करायला लावते, आणि मोठ्याने घोरणाऱ्या माणसाची गादी ओली होते.

उतारवयातील पुरुषाला हा त्रास नव्याने सुरू झाला, तर विशेष सावध व्हावे. वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीमुळे मूत्राशय कधीच पुरता रिकामा होत नाही. तो हळूहळू ताणत जातो, आणि झोपेत स्नायू सैलावले की तुंबलेली लघवी ओसंडून बाहेर येते. वेदना बहुधा नसतात. त्यामुळे ‘वयोमानाने होते’ म्हणून दुर्लक्ष होते, आणि तेवढ्या काळात मागे साचणाऱ्या दाबाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

निदानाची सुरुवात साध्या नोंदवहीने होते. तीन दिवस मोजपात्रात लघवी करून प्रत्येक वेळची वेळ आणि मिलिलिटर लिहायचे, काय व किती प्यायलो तेही लिहायचे, आणि सकाळची पहिली लघवी रात्रीच्या हिशेबात धरायची. चोवीस तासांतील एकूण लघवीपैकी एकतृतीयांशाहून अधिक रात्रीच होत असेल, तर रोख मूत्राशयापेक्षा रात्रीच्या अतिरिक्त लघवीकडे वळतो. याच्या जोडीला लघवीची तपासणी, रक्तातील साखर, आणि लघवी केल्यानंतर आत किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी करतात.

उपचार कारणानुसार ठरतात. संध्याकाळनंतर पाणी, चहा-कॉफी व मद्य कमी करणे आणि झोपण्यापूर्वी लघवीला जाऊन येणे उपयोगी पडते. दिवसभर तहान मारणे मात्र चूक आहे, कारण दाट लघवीने मूत्राशय अधिकच चिडतो. डेस्मोप्रेसिन हे औषध रात्रीची लघवी घटवते. ते घेण्याच्या एक तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत पाणी अगदी मोजके प्यावे लागते, नाहीतर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. साठीपुढच्यांत हा धोका अधिक असल्याने सोडियम तपासल्याशिवाय ते देऊ नये. अतिक्रियाशील मूत्राशयासाठी सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन देतात, आणि श्वासविकारासाठी हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र वापरतात. ओलावा लागताच वाजणारा गजर प्रौढांनाही उपयोगी ठरू शकतो, पण त्यासाठी काही महिने चिकाटी लागते.

उपचार लागू पडेपर्यंत गादीवर जलरोधक आवरण व त्यावर शोषक चादर घालावी. सकाळी त्वचा कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडी करावी आणि संरक्षक मलम लावावे. जोडीदाराला हे आधीच सांगितलेले असेल, तर रात्री दोनला चादर बदलताना निदान लपवाछपवी करावी लागत नाही.