फोटो डिलीट केले, मग जागा का सुटली नाही?

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक उजाडेपर्यंत चालते. दुसऱ्या दिवशी शहापूर-वडगावपासून निपाणी-खानापूरपर्यंतच्या स्टुडिओंत कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं कॉम्प्युटरवर उतरू लागतात. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला एक रॉ (प्रक्रिया न केलेला मूळ) फोटो साधारण 25 ते 30 एमबीचा, म्हणजे हजार फोटोंना 25-30 जीबी लागतात. हललेले, डोळे मिटलेले फोटो वेचून काढले तरी ड्राइव्ह भरल्याचं सांगणारी लाल पट्टी तसूभर हलत नाही.

विंडोजमध्ये डिलीट केलेला फोटो त्याच ड्राइव्हवरच्या रिसायकल बिनमध्ये जातो. त्याचा पत्ता बदलतो, पण डेटा होता तिथेच असतो. बिन रिकामी केली की जागा सुटते. मॅकच्या फोटोज ॲपमध्ये असा फोटो ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये महिनाभर पडून असतो.

खरा गोंधळ पेन ड्राइव्हचा होतो. विंडोजवर पेन ड्राइव्हमधला फोटो डिलीट केला, तर तो बिनमध्ये न जाता थेट काढला जातो. मॅकवर मात्र त्याच पेन ड्राइव्हवर ट्रॅशचं (मॅकच्या कचरापेटीचं) एक लपलेलं फोल्डर तयार होतं आणि फोटो त्यात साठतात. तो पेन ड्राइव्ह गिऱ्हाइकाने घरच्या विंडोजला जोडला, की आत काहीच दिसत नाही, पण जागा भरलेली! मॅकवर फोटो काढून टाकल्यावर पेन ड्राइव्ह जोडलेला असतानाच ट्रॅश रिकामी केली, तर हा प्रश्न येत नाही.

आता बिन रिकामी झाली. फोटो गेला का? उताऱ्यावरचं नाव कमी केलं म्हणून शेतातला ऊस लगेच आडवा होत नाही; तसंच इथे आहे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइली साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद ‘मास्टर फाइल टेबल’मध्ये असते. बिन रिकामी करताना ती नोंद आणि फाइलने व्यापलेली जागा ‘मोकळी’ म्हणून मांडली जाते, एवढंच. फोटो पुसायचं काम पुढे तिथे येणारी नवी फाइल करते. जेपेग या नेहमीच्या प्रकारातल्या फोटोची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते. फोटोरेकसारखे मोफत प्रोग्रॅम त्याच खुणा शोधत नोंद नसलेले फोटोही बाहेर काढतात. म्हणून लग्नाच्या फोटोंचं मेमरी कार्ड चुकून पुसलं गेलं, तर त्यावर एकही नवा फोटो काढू नका. कार्ड कॅमेऱ्यातून लगेच बाजूला काढा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एसएसडीची, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कची, गोष्ट निराळी. तिथे कॉम्प्युटर ‘ट्रिम’ नावाचा आदेश पाठवून कोणती जागा नकोशी झाली ते डिस्कला कळवतो आणि डिस्क ती सवडीने खरोखर पुसते. अशा डिस्कवरून फोटो परत मिळण्याची आशा फार थोडी.

स्टुडिओतला जुना हार्ड डिस्कवाला कॉम्प्युटर विकायचा असेल, तर नुसती बिन रिकामी करून तो देऊ नये. त्यात लोकांच्या घरचे फोटो असतात. फोटो ठेवलेला ड्राइव्ह फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’वरची खूण काढा. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट सगळ्या जागेवर शून्यं लिहितो. मोठ्या डिस्कला त्यासाठी काही तास लागतात.