थिबा राजा रत्नागिरीत का आला?

रत्नागिरीत पाहुणे आले की सकाळी रत्नदुर्ग आणि संध्याकाळी थिबा पॅलेस, हे ठरलेलं. जांभ्या दगडाची तीन मजली वास्तू, उतरती छपरं, लाकडी अर्धगोल खिडक्या, त्यांत रंगीत काचा आणि खाली भाट्याची खाडी. तिथे ऐकायला मिळते ती राजाच्या दुर्दैवाची गोष्ट. ब्रह्मदेशच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, राजाला इंग्रजांनी पकडून आणलं, तीस वर्षं तो इथे झुरत राहिला आणि इथेच वारला. यातलं सगळं खरं आहे. पण राजाला का पकडलं आणि तो गेल्यावर त्याच्या देशाचं काय झालं, हे त्या गोष्टीत येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या तेव्हा मला सारखा हा पॅलेस आठवत होता. बलाढ्य सत्ता शेजाऱ्याच्या घरात घुसते, तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांत काय होतं आणि पुढची शंभर वर्षं काय होत राहतं, हे आपल्या गावातल्या या वास्तूमागच्या इतिहासात दिसतं.

ब्रह्मदेश एका झटक्यात गेला नाही. हिंदुस्थानातल्या इंग्रजी सत्तेने त्याचे तीन घास केले. पहिली लढाई १८२४ ते १८२६. यांडाबोच्या तहाने आराकान आणि तेनासरीमचा किनारा गेला, आसाम आणि मणिपूरवरचा हक्क सोडावा लागला, वर जबर खंडणी बसली. १८५२ मध्ये डलहौसीने दुसरी लढाई काढून रंगूनसह सगळा दक्षिण ब्रह्मदेश गिळला. राजाकडे उरला तो वरचा, समुद्र नसलेला मुलूख. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ज्याचं बंदर गेलं त्याचा व्यापार गेला आणि बाहेरच्या जगाशी बोलायची वाटही गेली.

त्या उरलेल्या मुलखावर मिंडॉन राजाने पंचवीस वर्षं शहाणपणाने राज्य केलं. १८५७ मध्ये त्याने मंडाले ही नवी राजधानी वसवली. इंग्रजांशी त्याचं बिनसलं ते पादत्राणांवरून. राजापुढे जाताना जोडे काढायचे आणि जमिनीवर बसायचं, ही तिथली जुनी रीत. १८७५ मध्ये हिंदुस्थान सरकारने ठरवलं की यापुढे आमचा प्रतिनिधी जोडे काढणार नाही. राजा म्हणाला, मग भेट नाही. आपल्याकडे ओटीवर चढताना वहाणा अंगणात राहतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मंडालेत मात्र दोन राज्यांमधला थेट संवाद याच गोष्टीवरून तुटला. राजाशी समोरासमोर बोलणारा इंग्रज उरला नाही. त्यानंतर कलकत्त्याला आणि लंडनला ज्या बातम्या पोचल्या, त्या व्यापाऱ्यांच्या आणि दुभाष्यांच्या तोंडून.

१८७८ मध्ये मिंडॉन वारला आणि विशीच्या आसपासचा थिबा गादीवर आला. पुढच्या वर्षी राजवाड्यात गादीवर हक्क सांगू शकणाऱ्या सत्तर-ऐंशी नातलगांची कत्तल झाली. ती थिबाने स्वतः करवली की राणी सुपयालतच्या आईने, यावर आजही वाद होतात. पण कत्तल झाली हे नाकारता येत नाही, आणि इथल्या गोष्टीत तिचा उल्लेख टाळला जातो हे मला पटत नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांना मात्र ती पुरेपूर उपयोगी पडली. जुलमी राजापासून प्रजेला सोडवायला हवं, हा सूर तेव्हापासून लागला.

प्रत्यक्ष ठिणगी पडली ती सागावरून. १८६३ मध्ये वॉलेस बंधूंनी मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. राजाकडून परवाना घेऊन ती निंग्यानच्या जंगलातला साग तोडायची आणि ओंडके नदीतून खाली सोडायची. ऑगस्ट १८८५ मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने, म्हणजे ह्लुट्टॉने, निकाल दिला की कंपनीने जितके ओंडके नेले त्याहून पुष्कळ कमी दाखवले आणि तेवढ्याचेच पैसे भरले. दंड ठोठावला सुमारे २३ लाख रुपये. अजूनही आपल्याकडे घर बांधणारा माणूस वखारीत बर्मा टीकचा भाव विचारतो, तेव्हा त्या लाकडामागे हा खटला असतो.

एका कंपनीचा दंड म्हणजे युद्धाचं कारण होत नाही. खरी धास्ती फ्रान्सची होती. फ्रेंच तेव्हा टाँकिनमध्ये, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममध्ये लढत होते. जानेवारी १८८५ मध्ये थिबाच्या वकिलांनी पॅरिसमध्ये फ्रान्सशी व्यापारी करार केला आणि त्याच वर्षी फ्रेंच वकील मंडालेत येऊन बसला. हिंदुस्थानच्या पूर्वेच्या दारात दुसरी युरोपी सत्ता उभी राहणार, या कल्पनेनेच लंडन अस्वस्थ झालं. त्यात इंग्लंडमध्ये निवडणूक तोंडावर आलेली. भारतमंत्री लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल युद्धाच्या बाजूचा होता आणि दंडाचं प्रकरण आयतं हाती लागलं. २२ ऑक्टोबरला निर्वाणीचा खलिता गेला. कंपनीवरची कारवाई थांबवा, दरबारात आमचा रेसिडेंट, म्हणजे कायमचा प्रतिनिधी, ठेवून घ्या, चीनकडच्या व्यापाराला वाट द्या आणि परराष्ट्रसंबंध व्हाइसरॉयच्या सल्ल्याने चालवा. शेवटची अट मान्य करणं म्हणजे स्वतंत्र राज्य म्हणून संपणं. थिबाने बाकीच्या बाबतींत बरंच नमतं घेतलं, या अटीवर मात्र ठाम हो म्हटलं नाही. मदतीची आशा होती ती फ्रान्सकडून. पण टाँकिनमधल्या पीछेहाटीमुळे मार्चमध्येच फ्रान्सचं मंत्रिमंडळ कोसळलं होतं. लहान देश मोठ्याला शह द्यायला दुसऱ्या मोठ्याचा हात धरतात, आणि ऐन वेळी तो हात सुटतो.

१४ नोव्हेंबरला जनरल प्रेंडरगास्टची फौज इरावती कंपनीच्या आगबोटींतून नदीने वर निघाली. फौज सुमारे दहा हजारांची, त्यात बहुसंख्य हिंदुस्थानी शिपाई. मिन्हला किल्ल्यावर एक खरी चकमक झाली आणि २८ तारखेला मंडाले हाती आलं. दोन आठवडे. दुसऱ्या दिवशी राजाराणीला बैलगाडीत बसवून घाटावर नेलं आणि आगबोटीवर चढवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक रडत उभे होते. ज्या राजाच्या वाटेवर पांढरी छत्रं धरली जायची, तो साध्या गाडीतून जाताना त्यांनी पाहिला.

इथे मुंबईतली एक घटना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच डिसेंबरच्या अखेरीस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, पहिलं अधिवेशन भरलं. प्रतिनिधी ७२. शेवटच्या टप्प्यात फिरोजशहा मेहतांनी ठराव मांडला की वरचा ब्रह्मदेश खालसा करण्याला आमचा विरोध आहे, आणि करायचाच झाला तर तो हिंदुस्थानच्या गळ्यात बांधू नका. काँग्रेसच्या जन्माबरोबरच शेजारच्या देशातल्या घुसखोरीवर काँग्रेस बोलली. बोलण्याला रोकडं कारणही होतं, कारण शिपाई इथले आणि खर्चही इथल्या तिजोरीतून. अधिवेशन संपतं न संपतं तोच, १ जानेवारी १८८६ ला, अगदी छोट्या जाहीरनाम्याने ब्रह्मदेशचं राज्य राणी व्हिक्टोरियाच्या मुलखात सामील झालं.

गादीवर दुसरा राजपुत्र बसवावा असाही विचार झाला होता. पण हाताशी असा कुणी नव्हता, एक तर फ्रेंचांच्या पाँडिचेरीतच होता. मग राजपदच काढून टाकलं, ह्लुट्टॉ मोडला, भिक्षुसंघाच्या प्रमुखाला मिळणारा राजाश्रय गेला. माझ्या मते सगळं पुढचं यातून निघालं. राजा हरला हे लोकांनी सोसलं असतं. राजा, मंत्रिमंडळ आणि संघ ही तिन्ही छत्रं एकदम गेली तेव्हा खेड्यापाड्यांत बंडं उठली. दोन आठवड्यांत जिंकलेला देश ताब्यात ठेवायला पुढे तीस हजारांवर माणसं लागली आणि चार-पाच वर्षं गेली. चार्ल्स क्रॉस्थवेट या चीफ कमिशनरने गावंच्या गावं हलवली, जाळली, पिढीजात मुखिये काढून सरकारी पाटील नेमले. मंडालेच्या राजवाड्याचा फोर्ट डफरिन झाला आणि दरबाराच्या दालनात गोऱ्यांचा क्लब भरू लागला. पुढे कर्झनने तो हलवायला लावला.

शेजारच्या देशांवरही परिणाम झाले. चीनला ब्रह्मदेशातून नजराणा जायचा. जुलै १८८६ च्या कराराने पेकिंगने इंग्रजांची सत्ता मानली. सयाम, म्हणजे आजचा थायलंड, दोन आगींमध्ये सापडला, एकीकडे इंग्रज, दुसरीकडे लाओसपर्यंत आलेले फ्रेंच. १८९६ मध्ये दोघांनी सयाममधल्या मेनाम नदीच्या खोऱ्याला हात न लावण्याचं ठरवलं आणि सयाम मधली उशी म्हणून वाचला.

खुद्द ब्रह्मदेशात डोंगराळ सीमाभाग आणि मैदानी मुलूख यांचा कारभार वेगवेगळा ठेवला. सैन्यात करेन, काचिन, चिन या अल्पसंख्य जमातींचे लोक घेतले, बर्मी जवळजवळ वगळले. मैदानात हिंदुस्थानी मजूर, कारकून आणि चेट्टी सावकार आले. १९३१ च्या शिरगणतीत दहा लाख हिंदुस्थानी होते आणि निम्म्याहून अधिक रंगून त्यांचंच होतं. मंदीत शेतं सावकारांकडे गेली, राग धुमसला, दंगली झाल्या. १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला, म्हणजे मुंबईतल्या ठरावात जे मागितलं होतं ते ५१ वर्षांनी. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं तेव्हा लाखो हिंदुस्थानी जंगलातून पायी निघाले, वाटेत हजारो मेले. आणि रंगूनहून येणारा तांदूळ बंद झाला. भाताचं पीक वर्षभर पुरत नाही अशा आपल्या किनाऱ्याला त्याची झळ लागली. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं.

आता रत्नागिरी. इंग्रजांनी हे गाव का निवडलं? मागे सह्याद्री, रेल्वे नाही, पावसाळ्यात बंदर बंद. राजाला सोडवायला कुणी येऊ शकत नाही, आणि त्याची आठवणही कुणाला येऊ नये. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं, यावरून ती निवड किती अचूक होती ते कळतं. एप्रिल १८८६ मध्ये राजा, राणी, मुली आणि थोडी माणसं बोटीतून उतरली. भाड्याच्या बंगल्यात चोवीस वर्षं काढल्यावर १९१० मध्ये हा पॅलेस मिळाला. पेन्शन पुरत नव्हती, एकेक रत्न विकलं गेलं. मुलींना शाळा नाही, शोभेल असा वर नाही. थोरलीला राजवाड्यावरच्या एका मराठी नोकरापासून मुलगी झाली. थिबाची ती नात मराठी बोलत, साध्या घरात, रत्नागिरीतच जगली आणि २००० मध्ये वारली.

टिळक आळीत जन्मलेले लोकमान्य त्याच काळात, १९०८ ते १९१४, मंडालेच्या तुरुंगात होते, तेही त्याच किल्ल्याच्या आत. तिथेच त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. साम्राज्याला दोन्ही गावं कैद्यांसाठी सोयीची होती.

४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि वर्षभरात करेनांचं बंड उठलं. १९६२ मध्ये लष्कर आलं, २०२१ मध्ये पुन्हा आलं. आज भारत आणि म्यानमारच्या १,६४३ किलोमीटर सीमेवरून मिझोरम आणि मणिपूरमध्ये निर्वासित येतात. या सगळ्याचा दोष १८८५ च्या माथी मारता येणार नाही. स्वतंत्र देशाच्या लष्करशहांनी स्वतःची पापं स्वतः केली आहेत. पण डोंगर आणि मैदान यांच्यातली दरी कुणी रुंदावली, हा प्रश्न तिथपर्यंतच जातो.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला. शव ब्रह्मदेशात नेऊ द्या, असं राणीने मागितलं. तिथे लोक पुन्हा उठतील या भीतीने सरकारने नाकारलं. तेहतीस वर्षांपूर्वी निघालेली ती १९१९ मध्ये राजाविनाच परत गेली, त्याची समाधी रत्नागिरीतल्या शिवाजीनगरला मागे ठेवून. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन तिथे येऊन नतमस्तक झाले. राणी १९२५ मध्ये वारली. तिला मंडालेत पुरू द्यावं, ही विनंतीही फेटाळली गेली. तिची समाधी रंगूनमध्ये श्वेडॅगॉन पॅगोड्याजवळ आहे. तिथून थोड्याच अंतरावर १८५८ मध्ये दिल्लीहून हद्दपार होऊन आलेल्या बहादूरशहा जफरची कबर आहे.